हातांची भाषा शिकलेले धर्मगुरू



फादर शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म १७१२ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला. धर्मशिकवणीविषयीच्या एका वादात सही करण्यास नकार दिल्याने त्यांची गुरुदीक्षा लांबली.

१७६०च्या सुमारास पॅरिसमधील एका घरी त्यांना दोन कर्णबधिर जुळ्या बहिणी भेटल्या. त्यांना चित्रे दाखवून शिकवणारे धर्मगुरू वारले होते. श्रद्धा ऐकण्यातून येते, असे मानले जाई. मग ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी तारणाला मुकावे काय? फादरांना हे पटेना. त्यांनी घरीच विनामूल्य शाळा उघडली. मुलांच्या खुणा आधी ते स्वतः शिकले, मग त्यांत फ्रेंच व्याकरणाच्या खुणांची भर घातली. त्यामुळे मुले वाचू-लिहू लागली, त्यांना धर्मशिक्षण मिळू लागले. १७८९ साली फादर देवाघरी गेले. १७९१ साली शासनाने शाळेचा भार उचलला.

पुढे १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार केल्या. अनेक पिढ्यांचे त्यात नुकसान झाले.

खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, या भीतीने आजही काही आईवडील बाळाचे हात आवरतात. ही भीती निराधार आहे. भाषेसाठी पहिली वर्षे मोलाची असतात. ती वाट पाहण्यात घालवू नयेत. आम्ही धर्मगुरूही वेदीवरून केवळ बोलतच राहतो. आपल्या धर्मग्रामात असे बाळ असेल, तर त्याची भाषा आधी आपण शिकू या.