ग्रंथालयालाच वर्ग मानणारे रंगनाथन

महाविद्यालयातील ग्रंथपालाने केवळ पुस्तकांची देवघेव पाहावी, की माहिती कशी शोधावी हे विद्यार्थ्यांना शिकवावे? उच्च शिक्षणात आजही चर्चिल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी आपल्या कार्यातून कधीच देऊन ठेवले आहे.

तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे १८९२ मध्ये जन्मलेले रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. विद्यार्थ्यांत रमणाऱ्या या शिक्षकाला तेथील एकांत असह्य झाला आणि त्यांनी अध्यापनाकडे परतण्याची इच्छा व्यक्त केली. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्यावे आणि मगच निर्णय करावा, असे ठरले. तेथे शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. समाजाला शिक्षित करण्याचे त्यांचे सामर्थ्य उमगले आणि १९२५ मध्ये ते परतले, ते ग्रंथपाल म्हणूनच.

त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली. १९२९ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पंचसिद्धांत, तर १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथ वापरासाठी आहेत, वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि त्याचा वेळ वाचला पाहिजे, हे त्या सिद्धांतांचे सार.

संदर्भसेवेची मांडणी करताना नवागत वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणे हे त्यांनी ग्रंथपालाचे कर्तव्यच मानले. तालिका कशी पाहावी, वर्गीकरण कसे समजून घ्यावे, संदर्भग्रंथ कसा हाताळावा, हे विद्यार्थ्याला आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते, अशी त्यांची धारणा होती. आज माहिती साक्षरता या नावाने जे ओळखले जाते, त्याची बीजे येथे सापडतात.

पत्नी शारदा यांच्या नावे अध्यासन स्थापन व्हावे म्हणून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपयांची देणगी दिली. १९५७ मध्ये ते पद्मश्रीचे, तर १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपदाचे मानकरी ठरले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. मात्र, वेळापत्रकात ग्रंथपालाला हक्काचा तास मिळेल, तेव्हाच त्या अभिवादनाला खरा अर्थ येईल.