विश्लेषण : मातीचे धरण कशाने फुटते? विश्वेश्वरय्यांना पुण्यात आणि हैदराबादेत काय दिसले?

चाकण औद्योगिक पट्ट्याच्या वरच्या अंगाला भामा आसखेड हे मातीचे धरण आहे. अशा धरणाच्या तपासणीत सांडवा, भरावाचा माथा आणि पायथ्याचा पाझर या गोष्टींना इतके महत्त्व का, हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीतून नीट कळते.

खडकवासल्यात काय केले?

म्हैसूर संस्थानात जन्मलेले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकले ते पुण्यात, आजच्या सीओईपीत. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे असे फिरत पुण्यात आले. खडकवासल्याचे धरण दगडी. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि साठा अपुरा पडे. जुनी भिंत उंच करणे जोखमीचे होते. त्यांनी 1903 मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. साठा वाढला आणि पुराची वाटही मोकळी राहिली.

हैदराबादेत काय आढळले?

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीच्या पुरात हजारो माणसे गेली. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. दोष एकट्या पावसाचा नव्हता. पाणलोटातले दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. दगडी भिंतीवरून पाणी गेले तरी ती बराच काळ तग धरते. मातीचा भराव मात्र धुपत जाऊन काही तासांत वाहून जातो. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्याच्या सांडव्याला पेलत नाही. पूर अडवून सावकाश सोडणारी धरणे बांधा, असा तोडगा त्यांनी सुचवला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.

मग पानशेत?

12 जुलै 1961. विश्वेश्वरय्या तेव्हा वयाच्या शंभरीत होते. पानशेतचे मातीचे धरण अपुरे असतानाच पहिल्या पावसाळ्यात भरले. विमोचकाचे कामही पुरे झाले नव्हते. त्याच्यावरचा भराव खचला. जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले. हैदराबादेतल्या तलावांची साखळी पुण्यात पुन्हा दिसली, तीही त्यांनी दरवाजे बसवलेल्या धरणावर. एप्रिल 1962 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय पाहतात?

2019 मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेही मातीचे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. काम तसे साधे, म्हणूनच टाळले जाणारे: भरावावरच्या बाभळी काढणे, घुशींची बिळे बुजवणे, खचलेला माथा भरून घेणे, सांडव्यातला गाळ आणि झुडपे साफ करणे. पायथ्याला थोडे स्वच्छ पाणी पाझरणे नेहमीचे आहे. मात्र पाझर एकाएकी वाढला किंवा गढूळ झाला, तर आतली माती वाहून चालली आहे असे समजून साठा तातडीने खाली आणावा लागतो.