थॉमस वॉल्श : काळ्या पिशवीचा माग काढणारे मास्तर

आपल्या बेटाचे नाव घेतले की ऊस आठवतो, तसे अमेरिकेचे नाव घेतले की तेल आठवते. जिथे मोठे पीक किंवा मोठी खाण, तिथे मोठी कंपनी, आणि तिचा सरकारदरबारी वशिलाही मोठा. या वशिल्याशी कागदपत्रे वाचून झुंजलेल्या एका गृहस्थाची ही हकीगत आहे.

थॉमस वॉल्श यांचा जन्म १२ जून १८५९ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स गावी झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. तरुणपणी ते शाळामास्तर होते. शिकवता शिकवता स्वतः शिकले आणि १८८४ साली कायद्याची पदवी घेतली. १८९० मध्ये ते मॉन्टाना राज्यातील हेलेना शहरी वकिली करू लागले. तिथे तांब्याच्या खाणमालकांच्या मुठीत वर्तमानपत्रे होती आणि आमदारही होते. १९१३ साली वॉल्श सिनेटमध्ये गेले.

नौदलासाठी राखून ठेवलेल्या तेलाच्या जमिनी १९२१ साली गृहखात्याचे म्हणजे तिथल्या सरकारी जमिनींच्या खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल यांच्या ताब्यात आल्या. पुढच्याच वर्षी फॉल यांनी वायोमिंगमधील टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअर यांना आणि कॅलिफोर्नियातील एल्क हिल्स एडवर्ड डोहेनी यांना पट्ट्याने दिले. टीपॉट डोमसाठी लिलाव नाही की जाहिरात नाही. सिनेटची समिती बसली, पण गाडाभर कागद वाचायचे कोणी? ते काम विरोधी पक्षाच्या वॉल्श यांनी केले. वर्तमानपत्रांनी त्यांना चिखलफेक करणारा म्हणून हिणवले. त्यांनी मात्र एकच प्रश्न धरून ठेवला : ज्या फॉलसाहेबांचा कर वर्षानुवर्षे थकला होता, त्यांना आपली गुरांची वाडी वाढवायला एकदम पैसा कुठून मिळाला?

फॉल यांनी उत्तर दिले की एक लाख डॉलर वर्तमानपत्राचे मालक एडवर्ड मॅक्लीन यांनी उसने दिले. मॅक्लीन आजारपण सांगून फ्लॉरिडात राहिले. मग जानेवारी १९२४ मध्ये वॉल्श स्वतःच तिथे गेले. आपण पैसे दिलेच नाहीत, असे मॅक्लीन यांना कबूल करावे लागले. थोड्याच दिवसांत डोहेनी यांनी समितीपुढे सांगितले की ते लाख डॉलर त्यांचे होते, आणि त्यांच्या मुलाने ते रोख, काळ्या पिशवीत घालून फॉल यांना पोचवले होते.

हे डोहेनी वॉल्श यांच्याच पक्षाचे. पुढे असेही निघाले की त्या पक्षातून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे मॅकाडू डोहेनींकडून वकिलीची फी घेत होते. तरीही वॉल्श थांबले नाहीत. मला त्यांच्या आयुष्यातला हाच सर्वांत कठीण प्रसंग वाटतो. विरोधकाची पिशवी तपासायला फारसे धैर्य लागत नाही.

१९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पट्टे रद्द केले. १९२९ साली फॉल लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले व १९३१ मध्ये तुरुंगात गेले. मंत्रिपदावरील गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते अमेरिकेतील पहिले मंत्री. त्याच पैशाबद्दल डोहेनी मात्र १९३० साली निर्दोष सुटले! घेणारा दोषी आणि देणारा निर्दोष, हे गणित वर्गातल्या मुलांना कसे समजवावे, ते मला अजून सुचलेले नाही.

१९३३ साली रूझवेल्ट यांनी वॉल्श यांना कायदाखात्याचे मंत्री म्हणून निवडले. त्याच फेब्रुवारीत त्यांनी हवानात दुसरे लग्न केले. २ मार्च रोजी पत्नीसह वॉशिंग्टनला जात असता आगगाडीतच त्यांचे निधन झाले. शपथविधी दोन दिवसांवर आला होता.