त्रुहियो : महासत्तेला नकोसा झालेला मित्र

३० मे १९६१ची रात्र. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीतून सान क्रिस्तोबालकडे निघालेली मोटार हल्लेखोरांनी गाठली आणि ६९ वर्षांचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो गोळीबारात ठार झाला. कॅरेबियन समुद्रातील या छोट्या देशावरची त्याची ३१ वर्षांची जुलमी सत्ता संपली.

१८९१ मध्ये सान क्रिस्तोबाल येथे जन्मलेल्या त्रुहियोला घडविले ते अमेरिकेनेच. १९१६ ते १९२४ या काळात हा देश अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. मरीन सैनिकांनी उभारलेल्या स्थानिक दलात तो भरती झाला, झपाट्याने वरच्या पदांवर गेला आणि १९३० मध्ये अध्यक्ष बनला. १९३६ मध्ये त्याने राजधानीला स्वतःचेच नाव दिले. १९३७ मध्ये त्याच्या हुकमावरून हजारो हैतियन नागरिकांची कत्तल झाली. मात्र नुकसानभरपाईवर ते प्रकरण मिटले. शीतयुद्धात तर कट्टर कम्युनिस्टविरोधक म्हणून वॉशिंग्टनला त्याचे मोल अधिकच वाटू लागले.

१९५९ मध्ये हे गणित बदलले. शेजारच्या क्युबात बातिस्ताची राजवट कोसळून फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. त्रुहियोचा जुलूम असाच चालू राहिला, तर येथेही दुसरा कॅस्ट्रो उभा राहील, ही धास्ती अमेरिकेला वाटू लागली. शिवाय कॅस्ट्रोंविरुद्ध लॅटिन अमेरिकी देशांची साथ हवी, तर त्रुहियोला पाठीशी घालणे परवडणारे नव्हते. जून १९६० मध्ये त्याच्या हस्तकांनी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष बेतांकूर यांच्यावर प्राणघातक हल्ला केला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले. नोव्हेंबरमध्ये विरोधक मिराबाल भगिनींपैकी तिघींची हत्या झाली आणि देशांतर्गत संतापही उसळला.

सीआयएने कटवाल्यांना काही पिस्तुले व कार्बाइन पुरविल्या होत्या. मात्र एप्रिल १९६१ मध्ये क्युबातील 'बे ऑफ पिग्ज' मोहीम फसली आणि केनेडी प्रशासन कचरले. त्रुहियोनंतर सत्ता कोणाच्या हाती जाणार, याची खात्री नव्हती. कटवाले मात्र थांबले नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने या साऱ्या व्यवहाराची चौकशी केली.

हुकूमशहा गेला, तरी महासत्तेचा निकष तोच राहिला. १९६२ मध्ये निवडून आलेले हुआन बोश सात महिन्यांतच लष्कराकडून पदच्युत झाले. १९६५ मध्ये त्यांना परत आणण्यासाठी उठाव झाला, तेव्हा 'दुसऱ्या क्युबा'च्या त्याच भीतीने जॉन्सन प्रशासनाने २० हजारांहून अधिक सैनिक तेथे उतरविले.