सयाजीराव महाराज आणि मुलांची पुस्तके

श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव, वडिलांचे नाव काशीराव गायकवाड. घरी शेती होती. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले. तीन मुलांतून त्यांची निवड कशी झाली, ही गोष्ट आपल्या रावपुऱ्यात घरोघरी सांगतात. आम्हाला मात्र दुसरीच बाब अधिक मोलाची वाटते. बडोद्याच्या गादीवर बसलेल्या या बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या वयात आपली मुले सहावी-सातवीत असतात, त्या वयात महाराज मुळाक्षरे गिरवत होते. एलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास केला. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

१८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्यात लागू केले. शाळा निघाल्या, मुले वाचायला शिकली. पण पुढे काय? शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच पडले नाही, तर शिकलेली अक्षरेही चार-सहा वर्षांत पुसली जातात. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी पुस्तक कुठून असणार?

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून घेतले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी लोकांसाठी दिला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. गावाने वर्गणी काढली की तितकीच रक्कम प्रांत पंचायत देई व तितकीच सरकार घाली. गावाचाही पैसा त्यात असल्यामुळे गावकऱ्यांना ते वाचनालय आपले वाटत असावे, असे आम्हाला वाटते. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवीत. पेटी आगगाडीने जाई, वाहतुकीचा खर्च सरकार करी. गावात पुस्तके वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. यालाच फिरते वाचनालय म्हणत.

मुलांचा विचार तर फारच बारकाईने झाला होता. मध्यवर्ती ग्रंथालयात बालकांसाठी स्वतंत्र दालन होते. तेथे चित्रांची पुस्तके होतीच, शिवाय बैठे खेळही ठेवलेले असत. खेळायला आलेले मूल हळूच एखादे पुस्तक उघडून बसे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या एका विभागाकडून गावोगाव चित्रे आणि सिनेमाही दाखवीत. मुलांनी वाचायचे तर त्यांच्या भाषेत पुस्तके हवीत, म्हणून साहित्यमालेबरोबरच 'सयाजी बालज्ञानमाला' निघाली आणि लहान मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली.

मूल वाचत नाही, अशी तक्रार हल्ली पालकसभेत नेहमी ऐकू येते. महाराजांनी मुलांना शाळेची सक्ती केली, पण वाचनाची सक्ती केल्याचे आमच्या वाचनात नाही. पुस्तक मुलापर्यंत पोहोचवायचे आणि त्याला बसायला जागा द्यायची, एवढे त्यांनी केले. म्हणून परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी वाचनाचा तास कापला जातो, याचा पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही एकदा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मराठी पुस्तक येते ते बहुधा याच तासाला.

महाराजांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे निधन झाले. त्यांचे मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीच्या बाजूला आजही उभे आहे. आपल्या रावपुऱ्याच्या टॉवरपासून ते फार दूर नाही. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि खालपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून केलेली काचेची जमीन तेथे मुलांना अवश्य दाखवावी.