सर्पगंधा आणि डॉ. रुस्तम वकील

मुंबईत १९११ साली जन्मलेले डॉ. रुस्तम जाल वकील लंडनमध्ये वैद्यक शिकून परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगांवर काम करू लागले. तेव्हा उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. आपले वैद्य सर्पगंधेचे मूळ निद्रानाशावर देत. त्याने रक्तदाबही उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. पण जगाचे लक्ष गेले नव्हते.

वकिलांनी रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन रक्तदाब पुन्हापुन्हा मोजला. ५० रुग्णांच्या नोंदी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आल्या. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

रक्तदाबाचा हृदयाच्या तालाशी जवळचा संबंध आहे. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणला जातो आणि त्यात चट्टे पडतात. मग ठोक्याची वीज सरळ न जाता भोवऱ्यासारखी फिरते आणि नाडी अनियमित होते. कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात.

याच मुळातून १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी अजमलीन काढले. नाव हकीम अजमल खान यांच्यावरून. पेशीत सोडियम शिरण्याची वाट अडवून ते वीज मंदावते आणि बिघडलेला ताल सुधारू शकते. मात्र तेच औषध कधी नवा, जीवघेणा बिघाडही करते. म्हणून आज ते मुख्यतः ईसीजीच्या विशेष तपासणीत, देखरेखीखाली वापरतात. नेहमीच्या उपचारात बीटा ब्लॉकर नाडीचा वेग आवरतात, अमायोडेरोन ताल सांभाळते आणि रक्त पातळ करणारी गोळी गुठळी टाळते.

रेसर्पिनही आता मागे पडले. मोजून, नोंदवून औषध देण्याची वकिलांची शिस्त मात्र टिकून आहे. इगतपुरी परिसरातील वाड्या-पाड्यांवरचे कितीतरी रुग्ण बरे वाटले, की गोळी सोडतात. तसे करू नका. सर्पगंधेची पूड स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तदाब नियमित मोजा. नाडी चुकते असे वाटले, धडधड झाली, तर ईसीजी काढून घ्या. चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर लगेच रुग्णालय गाठा.