आई, पण चारचौघांत मोलकरीण

मैत्रिणींनो, 'वदरिंग हाइट्स' (१९३९) या सिनेमाची नायिका मर्ल ओबेरॉन हॉलिवूडची, पण जन्म आपल्या मुंबईतला, १९११ चा! वडील गोरे, आईकडून सिलोनचं रक्त. वाढली कोलकात्यात. हॉलिवूडमध्ये तर १९३४ पासून गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाही सक्त मनाई. मग जन्मगाव ठरलं ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया, तेही न पाहिलेलं. आणि वाढवणारी सावळी शार्लट? परदेशातल्या घरी पाहुण्यांसमोर ती मोलकरीण! खरं तर ती मर्लची आजी. कोवळ्या वयात आई झालेल्या आपल्या लेकीचं मूल तिनं स्वतःचं म्हणून पदरात घेतलं होतं. हे उघड झालं मर्लच्या पश्चात.

शार्लट १९३७ मध्ये गेली. नंतर मर्लनं तिचं चित्र काढून घेतलं, चेहरा गोरा रंगवून. बाई गं!

कृतघ्न म्हणावं का हिला? मला नाही म्हणवत. वधू-वर मेळाव्यात काम करते मी. नाव-शिक्षणाआधी रंग विचारणारे आपणच ना?

१९७८ मध्ये टास्मानियानं आपली लेक म्हणून तिचा सत्कार ठेवला. मर्ल गेली तिथे. पुढच्याच वर्षी वारली.